६४ टेबलांचं ऑफिस आणि आवारापलीकडचं गोडाऊन: केबल कॅट-६ की ६ए, आणि कामाला कोण कोण हवं?

सातपूर_आयटी

नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या दोन मजली ऑफिसचं नेटवर्क नव्याने करायचं आहे. सध्याची स्थिती अशी:

तळमजल्यावर २४ टेबलं, पहिल्या मजल्यावर ४०. केबल कॅट-५ई (नेटवर्कच्या तांब्याच्या केबलची जुनी जात; कॅट-६ आणि ६ए या तिच्या पुढच्या, जास्त वेगाच्या), भिंतीवरून केसिंग-कॅपिंगमध्ये फिरवलेली. पाच अनमॅनेज्ड (सेटिंग करता न येणारे) स्विच, एकाला पुढचा जोडत नेलेले. सगळ्यांचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांक) एकाच १९२.१६८.१.० च्या रेंजमध्ये. ईआरपी आणि टॅलीचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर.

नव्याने लागणाऱ्या गोष्टी: १६ कॅमेरे (खाली १०, वर ६), २० आयपी फोन (खाली ८, वर १२), ७ वायफायचे ॲक्सेस पॉइंट (खाली ३, वर ४), ४ प्रिंटर, हजेरीची २ मशीनं आणि वरच्या मजल्यावर दोन मीटिंग रूम. प्रत्येक मजल्याला एक रॅक ठेवायचा विचार आहे. टेप धरून मोजलं तेव्हा रॅकपासून सगळ्यात लांबचं टेबल ६२ मीटरवर आलं, जवळचं १२ वर. उतारचढाव यात धरलेला आहे.

आवाराच्या पलीकडे १४० मीटरवर गोडाऊन आहे. तिथवर तांब्याचीच केबल गेली आहे, मध्ये एका डब्यात स्विच बसवून. दर पावसाळ्यात दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात.

तीन कोटेशनं हातात आहेत. एक सगळं कॅट-६ चं, दुसरं सगळं ६ए चं, तिसरं कॅट-६ चंच पण केबलचा दर पहिल्याच्या जवळपास निम्मा. तीन प्रश्न: केबल कोणती घ्यावी? किती बॉक्स लागतील हे स्वतः कसं काढावं? आणि ऑफिसमधून या कामावर कोणाकोणाला बसवावं?

तारजोड

आधी पॉइंट मोजा (रॅकमधून निघणारी एक केबल म्हणजे एक पॉइंट), केबलचा प्रकार मग ठरवू. टेबलं ६४. दर चार टेबलांमागे एक पॉइंट जास्तीचा धरा, म्हणजे १६. ॲक्सेस पॉइंटला प्रत्येकी दोन केबल, १४. कॅमेरे १६, प्रिंटर ४, हजेरी २, मीटिंग रूमला चार-चार म्हणजे ८. एकूण १२४. खाली ५० आणि वर ७४, जर प्रिंटर दोन-दोन आणि हजेरीची दोन्ही मशीनं खाली असतील तर. फोनला वेगळा पॉइंट नको, फोनच्या पाठीमागच्या पोर्टमधून संगणक जोडला जातो.

आता लांबी. सगळ्यात लांब आणि सगळ्यात जवळ यांची सरासरी ३७ मीटर. त्यावर १० टक्के वळणावळणाचे, झाले ४०.७. रॅकमध्ये ३ मीटर जास्तीची आणि आयओच्या (भिंतीतल्या जॅकच्या) बाजूला सव्वा मीटर. पॉइंटमागे ४५ मीटर धरा. बॉक्स ३०५ मीटरचा असतो, त्यात ४५ चे सहाच तुकडे बसतात. इथेच बहुतेक बीओक्यू (मालाच्या याद्या) चुकतात: एकूण मीटरला ३०५ ने भागतात. ॲक्सेस पॉइंटच्या १४ वेगळ्या धरून उरलेल्या ११० केबलींचे ४,९५० मीटर, भागिले ३०५, म्हणून १७ बॉक्स मागवतात. सहा-सहाच्या हिशेबाने १९ लागतात. लांबच्या केबली आधी ओढून उरलेल्या तुकड्यांत जवळचे पॉइंट बसवले तर एखादा बॉक्स वाचेल, पण मागवताना १९ च मागवा. काम संपत आल्यावर एक बॉक्स कमी पडला की दुकानात जो ब्रँड असेल तो येतो, किंवा मधे सांधा मारला जातो. दोन्ही नकोत.

प्रकार: टेबलं, कॅमेरे, प्रिंटर यांना कॅट-६ पुरे. कॅट-६ वर १० गिगाबिटचा वेग ५५ मीटरपर्यंतच धरतात, तेही गठ्ठ्यातल्या शेजारच्या केबलींचा त्रास नसेल तर. तुमची लांबची टेबलं त्यापलीकडे आहेत. पण टेबलाला १० गिगाबिट लागत नाही, आणि ५ गिगाबिट कॅट-६ वर पूर्ण १०० मीटर चालतं. ॲक्सेस पॉइंटच्या १४ केबली मात्र ६ए च्या टाका, ३ बॉक्स. पुढच्या दहा-बारा वर्षांत ॲक्सेस पॉइंट दोनदा तरी बदलतील, केबल तीच राहील, आणि वेगाची भूक तिथेच वाढते आहे.

पॅच पॅनल (रॅकमधली पट्टी, जिथे केबली येऊन संपतात) सुटे जॅक बसवता येणारे घ्या, म्हणजे एकाच पॅनलमध्ये ६ आणि ६ए दोन्ही बसतात. २४ चे खाली तीन, वर चार. खाली ५० ला तीन पुरतात; वर ७४ आहेत, तीन पॅनलचे ७२ होतात, म्हणून चौथं लागतंच.

स्विच: दर मजल्याला ४८ पोर्टचा एक पीओई (नेटवर्कच्या केबलीतूनच वीज देणारा) आणि २४ चा एक साधा. पीओईचा हिशेब पोर्ट मोजून करू नका, वॅट मोजून करा. कॅमेऱ्याला ८ वॅट, ॲक्सेस पॉइंटला २५, फोनला ६ धरले तर खाली २०३ वॅट होतात आणि वर २२०. ३७० वॅटचा स्विच दोन्हीकडे नीट बसतो, वाढीलाही जागा राहते. ४८ पोर्टवर पीओई लिहिलेलं असतं म्हणून प्रत्येक पोर्टला ३० वॅट मिळतील असं समजू नका. त्याला १,४४० वॅट लागतील.

मोजपट्टी

वरच्या हिशेबाशी सहमत, एका गोष्टीवर वेगळं मत आहे. मीटिंग रूमच्या आठही केबली ६ए च्या करा. तिथे भिंतीला झिरी मारून पाइप आत जाणार, वर प्लास्टर आणि लाकडी पॅनलिंग. ट्रेमधली केबल रविवारी बदलता येते, पॅनलिंगमागची बदलायला सुतार आणि रंगारी लागतात. जे भिंतीत बुजणार त्यात हात आखडू नये.

मात्र ६ए घेताना पाइपाचा व्यास बघा, हे कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. कॅट-६ ची जाडी साधारण ६ मिलिमीटर, ६ए ची साडेसात. २५ च्या पाइपाचा आतला व्यास २१-२२ भरतो. पाइप ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही हा नियम लावला, तर त्यात कॅट-६ च्या पाच केबली जातात आणि ६ए च्या तीन. दुसऱ्या कोटेशनवाल्याने सगळीकडे ६ए लिहून पाइप २५ चेच धरले असतील, तर कामगार केबली कोंबणार. ओढताना ११ किलोपेक्षा जास्त ताण पडला की आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो. वरून केबल धडधाकट दिसते, टेस्टमध्ये रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल) नापास येतो.

विजेच्या तारांपासून एक फूट अंतर राखा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात. एकाच केसिंगमध्ये दोन्ही नकोत, वायरमन कितीही म्हणाला तरी.

तारजोड

मीटिंग रूमचं मान्य. मग ६ए च्या केबली २२ झाल्या, सहाने भागून ४ बॉक्स. कॅट-६ च्या राहिल्या १०२, त्यांना १७ बॉक्स. आकडे असे बदलून घ्या.

आराखडा

माणसांचा प्रश्न मागे राहिला, आणि काम अडकतं ते तिथेच.

एक माणूस असा हवा जो पैसे आणि तारीख या दोन्हींवर शेवटचा शब्द देईल. दोघे नकोत. तो रोजच्या कामात येणार नाही, पण बीओक्यूबाहेरचं काहीही त्याच्या सहीशिवाय होणार नाही. त्याच्याखाली काम चालवणारा एक, बहुधा तुम्हीच. तुमच्या हातात तीन कागद हवेत: मजल्याचा नकाशा, पॉइंटची यादी आणि बदलांची वही.

ॲडमिनमधली व्यक्ती पहिल्या बैठकीपासून हवी. खुर्च्या-टेबलं कुठे सरकणार आहेत हे तिलाच माहीत असतं, आणि नकाशा पक्का झाल्यावर १५ दिवसांनी मार्केटिंगची बसायची जागा बदलली की सहा आयओ कपाटामागे जातात. फॉल्स सीलिंगची चावी, शनिवार-रविवारचा गेटपास, सुरक्षारक्षकाला सूचना, हेही तिचंच काम.

इलेक्ट्रिशियन स्वतंत्र हवा, केबलवाल्याचा नको. दोन्ही रॅकला स्वतंत्र एमसीबी, अर्थिंगची तार आणि यूपीएसची लाइन, ही कामं स्विच यायच्या आधी संपलेली असली पाहिजेत. अर्थिंग मोजून आकडा लिहून घ्या, नुसतं 'आहे' यावर थांबू नका.

प्रत्येक विभागाचा एक माणूस, फक्त दोन कामांसाठी. आपल्या विभागाची पॉइंट यादी तपासून सही करणं, आणि जुन्या नेटवर्कवरून नव्यावर जाण्याच्या रविवारी येऊन आपलं सॉफ्टवेअर, प्रिंटर, फोन चालतात हे स्वतः बघणं. अकाउंट्सचा माणूस यात सर्वांत महत्त्वाचा. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, महिनाअखेरीला पगार. बदलाची तारीख २१ ते २७ मधल्या शनिवार-रविवारीच बसते.

पैशांचे टप्पे वर्क ऑर्डरमध्येच लिहा. ४० टक्के माल जागेवर येऊन तपासल्यावर, ४० टक्के सगळ्या पॉइंटचे टेस्ट रिपोर्ट दिल्यावर, २० टक्के महिनाभर चालल्यावर. मधला टप्पा रिपोर्टशी बांधला नाही तर रिपोर्ट येत नाहीत.

सातपूर_आयटी

खूप उपयोगी. दोन गोष्टी विचारतो. तिसऱ्या कोटेशनची केबल नमुना म्हणून एक बॉक्स आली आहे, वर 'कॅट-६, २३ एडब्ल्यूजी' (तारेच्या जाडीचा गेज) छापलंय. खरी आहे की नाही हे ऑफिसमध्येच कसं तपासायचं? आणि टेस्ट रिपोर्ट म्हणजे नेमकं काय मागायचं? तो म्हणतो की टेस्टरवर आठही दिवे लागले की झालं.

मोजपट्टी

निम्म्या दरात शुद्ध तांबं येत नाही. ही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असण्याची दाट शक्यता आहे, बाजारात तिला सीसीए म्हणतात. तपासायला साधा मल्टिमीटर पुरे.

बॉक्समधून केबलची दोन्ही टोकं बाहेर काढा. आतलं टोक सापडत नसेल तर बॉक्स उघडा, नमुनाच आहे. एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन्ही तारा सोलून एकमेकींना घट्ट पिळा. दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांवर मीटर लावून ओहम वाचा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध आधी बघून तो वजा करा. २३ गेजचं शुद्ध तांबं असेल तर ३०५ मीटरच्या जाण्यायेण्याला ४२ ओहमच्या आसपास आकडा येतो, उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत ४५ पर्यंत. ५०-५१ आला तर तांबं आहे पण २४ गेजचं, म्हणजे बारीक. ६३ ते ६८ आला तर सीसीए. मानकाप्रमाणे १०० मीटरला एका तारेचा रोध ९.३८ ओहमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे अख्ख्या बॉक्सच्या जोडीला ५७. त्यावर गेलेला बॉक्स परत पाठवा. आणि नमुना पास झाला तरी माल आल्यावर दर पाच बॉक्समागे एक पुन्हा मोजा.

वजनही सांगतं. आठ तारांचं नुसतं तांबं ३०५ मीटरला साडेपाच किलोच्या पुढे भरतं. सीसीएमध्ये तोच धातू सव्वादोन किलोच्या आसपास. दोन बॉक्स दोन हातांत उचलले की फरक कळतो.

सीसीएवर संगणक चालेल, म्हणूनच ती खपते. त्रास पीओईला. रोध जास्त म्हणून लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पुरेसं पोचत नाही. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागले की कॅमेऱ्याची गरज वाढते, आणि तो नेमका रात्रीच बंद-चालू होत राहतो. केबल गठ्ठ्यात तापते. ॲल्युमिनियम ठिसूळ, जॅकमध्ये पंच केलेली तार काही महिन्यांनी सैल होते.

दिवेवाला टेस्टर फक्त तारांचा क्रम बघतो. तुम्हाला सर्टिफिकेशन टेस्टरचा रिपोर्ट हवा, ठेकेदार त्याला सरसकट फ्लूक रिपोर्ट म्हणतात. वर्क ऑर्डरमध्ये असं लिहा: १२४ पैकी प्रत्येक पॉइंटचा परमनंट लिंक (पॅच कॉर्ड सोडून पक्क्या केबलीचा) टेस्ट, त्यात लांबी, इन्सर्शन लॉस (वाटेत घटणारा सिग्नल), नेक्स्ट (एका जोडीतून शेजारच्या जोडीत शिरणारा सिग्नल), रिटर्न लॉस आणि रोध. कॅट-६ ला कॅट-६ ची मर्यादा, ६ए ला ६ए ची. पीडीएफसोबत टेस्टरची मूळ फाइलही द्यायची, कारण पीडीएफमध्ये एकच निकाल नाव बदलून दहा वेळा चिकटवता येतो. रिपोर्टमधल्या लांब्या चाळून बघा. लागोपाठच्या वीस पॉइंटची लांबी दशांशापर्यंत सारखी दिसली तर टेस्ट झालेला नाही.

नापास पॉइंटमध्ये दहापैकी बहुतेक जॅकपाशीच असतात. जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकललेला असतो. सोपं म्हणून कामगार इंचभर उकलतात. जॅक पुन्हा मारला की पास होतो, केबल बदलायची गरज पडत नाही. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना ५६८बी ठेवा, कुठेही मिसळ नको. आणि टेबलाकडची केबल थेट आरजे-४५ क्रिंप करून संगणकात खुपसू देऊ नका. ही अखंड तारेची केबल रोज हलवायची नसते. भिंतीत जॅक, तिथून कंपनीची तयार पॅच कॉर्ड. छतातल्या कॅमेऱ्याला थेट प्लग चालतो, तो हलत नाही.

तारजोड

गोडाऊनचं राहिलं. तांब्याची मर्यादा पॅच कॉर्डसकट १०० मीटर, हे झालं एक कारण. पोर्ट जळण्याचं कारण वेगळं. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते. जवळपास वीज पडली की दोन्हींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो, आणि तो भरून काढायला करंटला तुमची केबल सापडते. सर्ज प्रोटेक्टर लावून थोडं निभावतं, पण उपाय फायबरच, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, जिच्यातून वीज वाहत नाही.

सहा कोअरची (तंतूंची) सिंगल मोड घ्या. दोनच लागतील, उरलेल्या चार राखीव. १४० मीटरला मल्टिमोड ही फायबरची दुसरी जातही चालली असती, तिच्या ओएम-३ प्रकारावर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत जातं, पण सिंगल मोड केबल स्वस्त पडते आणि पुढे वेग वाढवायला तीच उपयोगी. मजल्यामजल्यातही सिंगल मोडच टाका, म्हणजे एकाच जातीचे मॉड्यूल (फायबर स्विचला जोडणारे) सगळीकडे चालतात आणि एक जादा कपाटात ठेवला की पुरतं.

जमिनीखालून एचडीपीई पाइपातून न्या. गोडाऊन म्हटलं की उंदीर-घुशी आल्या, म्हणून कवच हवंच. लोखंडी पत्र्याचं कवच घेतलंत तर ते रॅकपर्यंत आणू नका, इमारतीत शिरतानाच अर्थ करून तिथेच सोडा. कवचच रॅकला टेकलं तर ज्या करंटसाठी तांबं काढलं, त्याला पुन्हा वाट मिळते. काचतंतूंचं कवच असलेली केबल मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही.

फायबरचा रिपोर्टही मागा. १४० मीटरचं नुकसान नगण्य, ०.०७ डेसिबल. दोन कनेक्टरचे जास्तीत जास्त दीड, दोन जोडांचे ०.६. सगळं मिळून २.२ च्या आत यायला हवं. तीन-चार आलं तर बहुधा कनेक्टरच्या तोंडावर धूळ आहे. आधी पुसा, मग पुन्हा मोजा.

गोडाऊनला पत्र्याचं छप्पर असेल तर आतल्या तांब्याच्या केबली पत्र्याला चिकटवून नेऊ नका. तापमान वाढलं की केबलचं नुकसान वाढतं. ४० अंशांना पॅच कॉर्ड सोडून पक्क्या केबलची ९० मीटरची मर्यादा ८३ च्या आसपास येते, आणि मे महिन्यात पत्र्याखाली ४० वर थांबत नाही.

पोर्ट_२४

बदलाच्या शनिवार-रविवारबद्दल थोडं लिहितो, वर कोणी स्विचच्या सेटिंगकडे गेलं नाही.

आधी आयपीचा आराखडा. १९२.१६८.१.० सोडून द्या. घरच्या राउटरलाही तीच रेंज असते, म्हणून घरून व्हीपीएनने ऑफिसला जोडणाऱ्यांना सर्व्हर सापडत नाही. १०.२०.१०.०/२४ कर्मचाऱ्यांना, १०.२०.२०.०/२४ फोनला, ३० कॅमेऱ्यांना, ४० पाहुण्यांच्या वायफायला, ५० सर्व्हर-प्रिंटरला, ९९ स्विचच्या व्यवस्थापनाला. व्हीलॅनचा (अशा प्रत्येक वेगळ्या केलेल्या गटाचा) क्रमांक आणि पत्त्यातला तिसरा आकडा एकच ठेवला की फोनवरून निदान करणं सोपं जातं.

स्थिर आयपीची यादी आठवडाभर आधी काढा. हजेरीची मशीनं, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) आणि सर्व्हर हे हमखास असतात. प्रत्येक संगणकावर टॅलीच्या लायसन्स सर्व्हरचा पत्ता आयपीने भरला असेल तर तोही बदलावा लागतो. या वेळी नावाने भरा.

तीन दिवस आधी डीएचसीपीची (आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेची) लीज, म्हणजे पत्त्याची मुदत, एका तासावर आणा. नाहीतर सोमवारी सकाळी निम्मे संगणक जुनाच पत्ता धरून बसतात.

जुने आणि नवे स्विच काही तास एकत्र चालणार, आणि त्याच वेळी लूप होतो (डेटा गोल फिरत राहून नेटवर्क ठप्प होतं). जुन्याला नव्याशी एकच केबल, त्यावर लाल टेप. मुख्य स्विचला स्पॅनिंग ट्रीचा (लूप टाळणाऱ्या यंत्रणेचा) रूट म्हणून स्वतः नेमून द्या. टेबलांच्या सगळ्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड आणि लूप प्रोटेक्शन चालू ठेवा, म्हणजे कोणी पॅच कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीत लावली तर तेवढाच पोर्ट बंद पडेल. डीएचसीपी स्नूपिंगही लावा, म्हणजे परक्या यंत्राने वाटलेले पत्ते अडतील. केबिनमध्ये कोणीतरी घरचा राउटर आणून लावतंच.

स्विच, फायरवॉल, एनव्हीआर सगळ्यांची वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवा आणि लॉग १८० दिवस साठतील अशी जागा करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात या दोन्ही गोष्टी कंपन्यांना लागू आहेत.

लेबल दोन्ही टोकांना, मशीनवर छापलेलं. मजला-पॅनल-पोर्ट इतकंच: १-ब-१७. हाताने लिहिलेलं मार्कर पहिल्याच उन्हाळ्यात उडतं.

परतीची वेळ आधीच कागदावर हवी. रविवारी दुपारी २ पर्यंत ईआरपी, टॅली आणि फोन चालले नाहीत तर जुन्यावर परत जायचं, आणि हे सांगणारा माणूस तोच, ज्याचा शेवटचा शब्द आहे. यासाठी जुनी कॅट-५ई दोन आठवडे तशीच राहू द्या, कापू नका. नंतर ती केसिंगमधून पूर्ण काढायचं कामही याच वर्क ऑर्डरमध्ये घाला. वेगळं सांगितलं तर ठेकेदार फक्त दिसणारी टोकं कापून जातो.